बिनमजुरीचं टोपडं

डिसेंबर आला की पुण्यात भीमथडी जत्रेपासून सोसायटीच्या हॉलातल्या प्रदर्शनापर्यंत बाळांचे हातविणीचे स्वेटर, टोपडी मांडली जातात. गिऱ्हाईक येतं, टोपडं उलटं करून आतल्या गाठी शोधतं आणि म्हणतं, "घरीच तर विणता, मग एवढे कसले हो? आमच्या आजी टीव्ही बघता बघता विणायच्या." विणायच्याच, म्हणून तर कुणी त्यांना मजुरी दिली नाही. लोकरीचं बिल असतं, स्टॉलचं भाडं आगाऊ भरावं लागतं. सुलट-उलट टाक्यांत गेलेल्या संध्याकाळी मात्र 'आवड' या खात्यात जमा. मग मोबाईलवर फोटो निघतो. "घरी करून बघते." (तोवर बाळ शाळेत जायला लागतं.) बघाच ताई. लोकर तुळशीबागेत मिळते, सुया 10 नंबरच्या घ्या, आणि गळ्याचे टाके उचलताना भाव पुन्हा विचारायला या.