ठोक पंचवीस, फुटकळ पंधरा

वर्धा जिल्ह्यात कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जेवढा वेचाल तेवढे पैसे. खेड्यातल्या नर्सबाईंचा पगारही आता त्याच वळणावर आलाय. फरक एवढाच, की कापूस तोलायला निदान खरा काटा असतो.

‘समुदाय आरोग्य अधिकारी’ हे पदाचं भारदस्त नाव. बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएस झालेली मंडळी, वर सहा महिन्यांचा कोर्स. बसायची जागा उपकेंद्र. २०१८च्या योजनेत त्याचं आरोग्यवर्धिनी केंद्र झालं, २०२३ मध्ये आयुष्मान आरोग्य मंदिर. पाटी बदलली, पुन्हा बदलली.

करार तोच.

महिन्याला २५ हजार ठोक. वर १५ हजारांपर्यंत कामगिरीवर. म्हणजे कामाचे आकडे भरायच्या पोर्टलच्या मर्जीवर.

कामगिरी कशी मोजायची? ओपीडीत किती आले, तिशी ओलांडलेल्या किती जणांचं बीपी-शुगर तपासलं, ई-संजीवनीवर, म्हणजे स्क्रीनवरच्या डॉक्टरकडून, किती सल्ले झाले, योगाची सत्रं किती. योगाचा तर फोटोही काढता येतो. आसन जमलं नाही तरी चालेल, फ्रेम जमली पाहिजे.

सपाटीवरचं उपकेंद्र साधारण पाच हजार वस्तीचं. तिशीवरचे सगळे तपासून झाले, मग पुढं? बाकीच्यांनी लवकर तिशी गाठावी म्हणून दवंडी पिटायची?

वेचणीच्या दिवसांत बाया सकाळीच वावरात. नर्सबाई मशीन घेऊन दारात, दाराला कुलूप. कुलपाचं बीपी पोर्टल घेत नाही.

समोर साध्या सर्दीचा रुग्ण. औषध बाईंना ठाऊक, कपाटात हजर. पण मग ई-संजीवनीचा आकडा कसा वाढणार? लावा स्क्रीन, बोलवा डॉक्टर. रेंज नाही? रुग्ण बरा होईल, महिना आजारी पडेल.

आणि सासूची समजूत घालून अडलेल्या सुनेला वेळेत सेवाग्रामला पाठवलं, त्यात गेलेली अख्खी दुपार? जे अघटित घडलंच नाही, त्याचा रकाना कोण काढणार?

त्याच सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं ऐंशीच्या दशकात, डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकारानं, गावांकडून आरोग्य विम्याचा हप्ता ज्वारीत घेतला. सुगीला, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. आजारी पडा न पडा, धान्य आधीच जमा. त्या हिशेबात गाव धडधाकट राहिलं तर सगळ्यांचाच फायदा. आजच्या हिशेबात गाव धडधाकट राहिलं की ओपीडी आटते.

आणि बाईंचे पंधरा हजारही.

अमेरिकेत तरी बरं असेल? नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः रुग्ण तपासून उपचार करणारी नर्स, ही संकल्पना तिथं १९६५ मध्ये कोलोरॅडोत जन्मली. आता कित्येक दवाखाने त्यांच्या कामाचे गुण मोजून पगार देतात. सरकारी मेडिकेअर मात्र त्यांनी स्वतः तपासलेल्या रुग्णासाठी डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्केच मोजते. मोजमाप पूर्ण, मोल कापून.

आपल्या आशाताई २००५ पासून कामागणिक मोबदल्यावर आहेत. त्यांना विचारा, हिशेब तोंडपाठ असतो. पैसे कधी येणार, एवढं विचारू नका.

कामगिरीवर पगार ही कल्पना इतकी छान असेल तर ती खालच्याच पायरीवर का थांबते? सातव्या वेतन आयोगानं २०१५ मध्ये केंद्राच्या सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी कामगिरीशी जोडलेलं वेतन सुचवलं होतं. त्याच अहवालातली पगारवाढ १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली.

कामगिरीची फाइल तेवढी रेंजबाहेर गेली.