नाताळची तहकूब सभा

माणूस एकदा ग्रामपंचायतीत जाऊन आला की तो पुरता घरी परत येतच नाही. अंग येतं, बोलणं तिकडेच राहतं. त्याला चहा हवा असला तर "चहा टाक" म्हणत नाही, "चहाचं काय ठरलं?" असं विचारतो. नातवंडं भांडली तर चौकशी करून अहवाल मागतो. नळाला पाणी आलं नाही की बायकोपुढे उभा राहून "ही बाब मी वरपर्यंत नेणार" म्हणतो आणि गच्चीवर जाऊन टाकी बघून येतो.

धामणगाव बढ्याचे माझे मामा या पंथातले. गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही. शाळकरी पोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे 'मेंबर' म्हणतात आणि मामाही फोन उचलल्यावर "हां, मेंबर बोलतो" असंच म्हणतात. खिशाला दोन पेनं, काखेत लांबडं रजिस्टर. पंचायतीची मुदत संपून बराच काळ लोटला, पण रजिस्टर काही सुटलं नाही.

हे धामणगाव बुलडाणा जिल्ह्यातलं, मोताळा तालुक्यातलं. 'बढे' हे शेपूट लावावंच लागतं; नुसतं धामणगाव म्हटलं की अर्ध्या विदर्भाच्या डोळ्यांसमोर अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव रेल्वे येतं. आमच्याकडे वऱ्हाड सरत आलेलं असतं आणि जामनेरच्या अंगाला खानदेश लागतो. त्यामुळे बोलणं थोडं इकडचं थोडं तिकडचं, आणि चुलीवरचंही तसंच. मामांचं घर ख्रिस्ती. त्यांचे आजोबा छप्पन्नच्या दुष्काळातले, म्हणजे 1899-1900 सालचे. त्या दिवसांत वऱ्हाडात अमेरिकन अलायन्स मिशनच्या अनाथालयांत पुष्कळ पोरं वाढली, त्यातलं हे एक. त्या आजोबांचा दंडक घरात अजून चालतो: सण कुठलाही असो, ताटात भाकरी पाहिजे आणि उठताना ताट पुसल्यासारखं लख्ख पाहिजे.

बाकी नाताळाला काय रांधावं याबद्दल आजोबांनी काही सांगून ठेवलेलं नाही. शास्त्रातही सोय नाही. बाळ गोठ्यात जन्मलं, मेंढपाळ धावत आले, मागी लोक पूर्वेकडून सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आले. जेवणाचा डबा मात्र कोणी आणला नाही. ही उणीव भरून काढायची जबाबदारी मामांनी स्वतःकडे घेतली आहे.

डिसेंबर लागला की नोटीस निघते. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी द्यावी आणि दवंडी पिटावी हा नियम मामा घरालाही लावतात. दवंडी हल्ली व्हॉट्सअॅपवर येते. "ऐका हो ऐका, येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता बैठकीच्या खोलीत नाताळच्या जेवणाबाबत सभा असून सर्वांनी वेळेवर हजर राहावं." हे मामा ओसरीवर बसून बोलतात आणि ऐकणारे आतल्या खोलीत असतात. त्यांना तो आवाज दोनदा ऐकू येतो, एकदा भिंतीतून आणि एकदा फोनमधून.

मग कोरम. ग्रामसभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. नाताळाला घरात आम्ही पाच: मामा, मामी, पुण्याहून आलेला मामेभाऊ, त्याची बायको आणि मी. पाचाचे पंधरा टक्के म्हणजे पाऊण माणूस. मामा एकटे खुर्चीवर बसले तरी कोरम भरून वर पाव मामा शिल्लक राहतात. तरी पहिली सभा तहकूब होतेच. तहकूब झाल्याशिवाय ती त्यांना सभा वाटत नाही. शिवाय तहकूब सभेला कोरमची गरज नसते, ही कायद्यातली गोम सांगायची संधी मिळते.

रजिस्टर उघडलं की पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मामा चष्मा लावून मोठ्यानं वाचतात. "रश्श्यात मीठ जास्त झाल्याबाबत चर्चा झाली. सदर मीठ कोणी टाकले याबाबत एकवाक्यता न झाल्याने विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात यावा." पुढील सभा म्हणजे आजची. त्यावर मामी आतून म्हणतात, "तुमीच टाकलं होतं. चव पाहतो म्हनून आले अन् मूठ टाकून गेले." मामा शांतपणे लिहितात: विषय निकाली.

2025 सालची सभा मात्र मला लिहून ठेवण्याजोगी वाटते, कारण त्या साली 25 डिसेंबरला गुरुवार होता.

त्याचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. शेगाव आमच्याच जिल्ह्यात. गजानन महाराजांचा वार गुरुवार, आणि त्या दिवशी मटण-अंड्याचं नावही काढत नाहीत अशी घरं आमच्या आळीत ओळीनं आहेत. मामांचे शेजारी त्यातलेच, वारी न चुकवणारे. दिवाळीत त्यांच्याकडचं फराळाचं ताट मामांकडे येतं, नाताळाला मामांकडे ते दोघं जेवायला येतात. म्हणजे घरचं म्हणावं तर पाच पानं, धरून चालायचं तर सात.

सभेत पहिली सूचना मामेभावानं मांडली. त्याला कोंबडी आख्खी भाजून हवी होती, पोटात मसाला भरलेली, मांडी वर केलेली. फोनवर चित्र दाखवलं. जपानात म्हणे 1974 पासून लोक नाताळला केंटकीचं तळलेलं चिकन खातात, आधीपासून नंबर लावून. मामांनी चित्र दोन्ही अंगांनी पाहिलं. "जपानात ख्रिस्ती किती?"

"फार थोडे."

"मंग त्याह्यचा ठराव आपल्याले लागू नाही," मामा म्हणाले आणि सूचना फेटाळल्याचं लिहिलं. ओव्हन नाही, ही अडचण कोणी काढलीसुद्धा नाही.

वहिनी नगरच्या. तिकडे नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळी, चिवडा असा सगळा दिवाळीचाच थाट आणि दुपारी मटण. त्यांनी मटण सुचवलं. मामांना मटण नको होतं असं नाही, पण नगरचा उल्लेख झाला की ते नारायण वामन टिळकांवर जातात. "टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. पण अभंग सोडला का? कीर्तन सोडलं का? नाही ना? मंग आपण पुरणपोळी काहून सोडाची?"

"पप्पा, टिळकांनी पुरणपोळी खाल्लीही असेल," वहिनी म्हणाल्या, "पण लाटली लक्ष्मीबाईंनी असणार."

मामांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. हे इतिवृत्तात घ्यावं की नाही हा प्रश्न होता. शेवटी 'महिला सदस्यांनी मनोगत व्यक्त केले' एवढं लिहिलं.

तिढा पडला तो शेजाऱ्यांवरून. मटण केलं तर ते दोघं जेवणार नाहीत, नाही केलं तर मामेभाऊ जेवणार नाही. दोन्ही केलं तर खर्च वाढतो, आणि नुसतं गोड केलं तर तो नाताळ वाटत नाही, असं मामांचं मत. त्यांनी उपसमिती सुचवली. उपसमितीत कोण? मामा आणि मी. उपसमिती ओसरीवर जाऊन सुपारी खाऊन परत आली. तेवढ्यात वहिनींनी पोलंडचं काढलं. तिथे नाताळच्या आदल्या रात्री ताटात बारा पदार्थ असतात आणि मटणाचा तुकडा नसतो. मामांचा चेहरा उजळला. सोवळ्या नाताळाला युरोपातला दाखला मिळाला होता.

"फक्त मासा असतो," वहिनींनी पुढचं सांगितलं.

"मासा मांसाहारात येत नाही का?"

"त्यांच्यात उपासाला चालतो."

"असं?" मामा विचारात पडले. "मंग कोंबडी त्याह्यच्यात कशात बसते ते विचारून घे बरं."

मामी हे सगळं आतून ऐकत होत्या. त्यांच्यासमोर परात होती आणि परातीत तुरीच्या हिरव्या शेंगा. सोले काढता काढता त्या मधूनच म्हणाल्या, "मले तुमचं तहकूब-बिहकूब काही कयत नाही. लसूण किती सोलू तेवढं सांगा." मामा म्हणाले, "विषय पटलावर आहे, अवं. घाई करू नको."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, गावात ती सगळ्यांना माहीत आहे म्हणून कोणी सांगत नाही. मेंबर मामा नव्हते, मामी होत्या. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांना राखीव झाल्या. पुढे कधीतरी मामांचा वॉर्ड महिला राखीव निघाला आणि मामांनी भरायला आणलेल्या अर्जावर मामींचं नाव पडलं. मामी निवडून आल्या. सभेला मामा जाऊ लागले. मामी पहिल्या बैठकीला गेल्या होत्या. तिथे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्यांनी पाण्याच्या टाकीच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला, आणि तो इतका मुद्द्याचा निघाला की पुढच्या वेळेपासून त्यांना घरीच कागद आणून देण्यात आले. रजिस्टर घेऊन मामा जायचे, सही मामींची यायची. गावानं सोयीसाठी मामांना मेंबर म्हणायला सुरुवात केली आणि सोय ती सवय झाली. अशी घरं गावोगाव आहेत. मामा त्यात सज्जन म्हणायचे, दुसऱ्यांच्या घरी तर बाईचा शिक्काही नवऱ्याच्या खिशात असतो.

रविवारची सभा तहकूब झाली, बुधवारची बारगळली. मधल्या काळात मामेभावानं पुण्यात असताना मागवून ठेवलेला प्लम केक धामणगावला पोचल्याचा निरोप आला. फक्त तो धामणगाव रेल्वेला पोचला होता. मामांनी निषेधाचा ठराव घेतला, एकमतानं.

गुरुवारी पहाटे मी उठलो तो धुरानं. मागच्या अंगणात मामींनी पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. कापसाची वेचणी सरत आली की वाळलेल्या पऱ्हाट्यांचा तोटा नसतो, आणि भरताची वांगी भाजायची तर त्यांच्याच जाळावर. वांगी पांढुरक्या हिरव्या सालीची, हातभर घेराची, बाजारात दिसली तेव्हाच मामींनी उचललेली. म्हणजे पहिली नोटीस निघायच्या सुमारास निवड झाली असावी अशी मला शंका आहे. साल काळी पडून फुटेपर्यंत भाजायची, मग सोलून देठासकट लाकडी मुसळीनं ठेचायची. मिरच्याही त्याच विस्तवावर भाजून लसणाबरोबर ठेचलेल्या. त्यावर कच्ची कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. शेजारी कळण्याच्या पिठाचा डबा. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून ते चार दिवसांपूर्वीच दळून आलेलं. एका पातेल्यात सोल्यांची आमटी शिजत होती. आणि अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीसह गावरान कोंबडीचा रस्सा. वाऱ्याची दिशासुद्धा बघितलेली होती. गोडाला करंज्या; त्या वहिनींनी आणि मामींनी रात्री दार लावून केल्या होत्या, सभेला न कळवता.

उपासना आटोपून आम्ही परतलो. शेजारचे दोघे आले, भाकरी-भरताला बसले आणि म्हातारे काका "मेंबर, यंदा बेत झकास ठरवला" म्हणाले. मामांनी मान झुकवून ते स्वीकारलं. ते उठून गेल्यावर रस्सा आत आला. मामेभावानं त्यातली मांडी उचलून फोटो काढला. भाकरी सगळ्यांच्या ताटात होती. ताटं लख्ख झाली.

हात धुतल्याबरोबर मामांनी रजिस्टर घेतलं. तारीख दोन दिवस मागची टाकली. "ठराव क्रमांक एक. सणाच्या जेवणात भरीत, कळण्याची भाकरी, सोल्यांची आमटी, कोंबडी व करंज्या हे पदार्थ करण्याचे सर्वानुमते ठरले. सूचक, अध्यक्ष स्वतः." मग अनुमोदकाच्या जागेवर बोट ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "अवं, एवढी सही कर."

मामी परातीतल्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "करा की तुमीच. पाच वर्सं केल्याच ना माह्या सह्या."