डाव्या अंगाची फट

सकाळी आठला पौडमधून गाडीला किक मारली की पुण्याच्या चांदणी चौकापर्यंत वीस-बावीस किलोमीटर. अंबडवेट, कासार आंबोलीपर्यंत वारा लागतो. घोटावडे फाट्याला पहिला ब्रेक. मग पिरंगुट, घाट, भूकुम, आणि भूगावात दोन्ही पाय जमिनीवर. मुळशीतली निम्मी तरणी पोरं रोज हाच रस्ता तुडवतात, कारण एसटीची वाट पाहिली तर हजेरी जाते.

या रस्त्यावर कुणी गेलं की गावात एकच बोललं जातं : "पोरगं लई जोरात होतं." हे वाक्य आता ऐकवत नाही. सकाळच्या भूगावात जोरात जायला जागा कुठे आहे? तिथे मरण येतं ते ताशी दहाच्या वेगात, डंपरच्या डाव्या बाजूला.

कसं, ते नीट समजून घ्या. ड्रायव्हर उजवीकडे, उंच केबिनमध्ये बसतो. डाव्या दाराच्या खाली, पुढच्या चाकाजवळ उभी असलेली मोटारसायकल त्याला दिसत नाही. आरसा आहे, पण त्यातही एक आंधळा कोपरा राहतोच. शिवाय लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत येतात. वळणाच्या सुरुवातीला जी चार फुटांची फट दिसते, ती वळण संपेपर्यंत उरतच नाही. आणि आपण नेमके तिथे असतो, कारण मागचा हॉर्न वाजवत असतो आणि पुढचा शिरलेला असतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी घोटावडे फाट्यावर मी त्याच फटीत होतो. डंपर थांबलेला, मी डावीकडून पुढे सरकलो, आणि तो वळला. फूटरेस्ट वाकला, बुटाचा तळ सोलला गेला, पाय वाचला. ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते. "दादा, तुम्ही दिसलाच नाही," एवढंच बोलला. खरं बोलत होता. चूक माझी होती, आणि त्या दिवसापासून मी डंपरच्या डावीकडे गेलो नाही.

पण सगळं खापर दुचाकीवाल्याच्या डोक्यावर फोडणाऱ्यांना माझा सवाल आहे. जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडी-माण रस्त्यावर वळणावर सिमेंटचा मिक्सर उलटला आणि स्कूटरवरच्या दोन तरुणी त्याखाली गेल्या. त्यांनी कोणता नियम मोडला होता? फिरत्या ड्रममधला ओला माल जड असतो, आणि असं वाहन वेगात वळवलं की कलंडतं. हे चालवणाऱ्याला माहीत असतं, मालकालाही माहीत असतं. खेपांवर पैसे मोजले जातात तिथे मात्र वळणावर वेग कमी होत नाही.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवर होती. हे आकडे केंद्र सरकारच्या स्वतःच्या अहवालातले आहेत. तरीही रस्ता बांधताना हिशोब चारचाकीचाच होतो. डांबराची कड आणि साइडपट्टी यांत वीतभर खाच राहिली तर मोटारीला हिसका बसतो. मोटारसायकलवाला आडवा होतो, तोही मागून येणाऱ्या चाकांपुढे. क्रशरच्या गाड्यांतून सांडलेली कच वळणावर तशीच पडून असते. तिच्यावर पुढचा ब्रेक दाबला की हँडल हातात राहत नाही. कच झाडायला किती खर्च येतो? खडीवर ताडपत्री बांधायला किती येतो?

चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला स्फोटाने पाडला, १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या उड्डाणपुलाचं उद्‌घाटन झालं. काम मोठं होतं, झालंही. त्या चौकापासून भूगाव किती लांब आहे? तिथला रस्ता अजून गावातल्या आळीसारखाच आहे, आणि त्यातून शाळेची बस, मिक्सर, दुधाची गाडी आणि आम्ही एकदमच जातो.

मागणी साधी आहे. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ डंपर-मिक्सर भूगाव-पिरंगुटमधून बंद ठेवा, आणि बंद म्हणजे बंद. ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांमधली पोकळी झाकणारे आडवे गार्ड नियमात आहेत. ते लावलेत का, हे नाक्यावर वाकून बघा. आमची हेल्मेटं जरूर तपासा, आम्ही घालतो. मागे बसलेल्या बायकोच्या डोक्यावरही हेल्मेट हवं, हे आमच्यातल्या अनेकांना अजून पटलेलं नाही, ही आमची चूक आहे.

आणि गाडीवरच्या माझ्या भावांनो, बहिणींनो, हे सगळं होईल तेव्हा होईल. उद्या सकाळी घोटावडे फाट्यावर पुढचा डंपर डावीकडे झुकला, तर मागे थांबा. मागचा कितीही हॉर्न मारू दे. डंपरच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसेपर्यंत पुढे सरकू नका.