दीड इंच माया

आमच्या भाच्याचा कल सापडत नाहीये. पूर्वी घरात किल्ली हरवायची, चष्मा हरवायचा. आता कल हरवतो. 2016 साली राज्याच्या शिक्षण मंडळाने दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली, तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो. परवा बहिणीने पदरचे पैसे मोजून भाच्याची तसलीच चाचणी करवून घेतली आणि बारा पानी अहवाल माझ्यापुढे टाकला. "दादा, तू बँकेत होतास, तुला कागद कळतात."

कागदावर रंगीत वर्तुळं होती. अवकाशाची जाण उत्तम. (ती आहेच. आमच्याकडे आला की सोफ्याचा सगळा अवकाश तोच व्यापतो.) तर्कबुद्धी बरी, चिकाटी 'विकसनशील'. पण पोराला जेवल्यावर झोप येते का, गर्दीत त्याचा जीव घाबरतो का, घरच्या आमटीपासून किती किलोमीटरवर तो तग धरेल, यावर बारा पानांत एक अक्षर नाही. मी त्याला विचारलं, "तुझा रोजचा दिवस कसा जायला हवाय तुला?"

"मामा, पॅकेजचं विचारतोयस का?"

त्याला तरी काय बोलायचं? आपल्याकडे मुलगा नोकरीला 'लागतो' नाहीतर बँकेत 'चिकटतो'. फळ झाडाला लागतं आणि तिकीट पाकिटाला चिकटतं; दोघांची मर्जी कुणी विचारत नाही. मीही चिकटलो. दुपारी दोन ते साडेतीन ज्याला जगाशी कसलाही संबंध नको असतो, त्या माझ्या वाट्याला नेमकी रोख मोजायची खिडकी आली. पस्तीस वर्षं मी जांभई गिळत नोटा मोजल्या. संध्याकाळी हिशेब जुळेपर्यंत पोटात गोळा असायचा. पगार चांगला होता, कर्ज स्वस्त होतं, आणि रविवारी मी इतका झोपायचो की बायकोला वाटायचं, याला काहीतरी आजार आहे.

आमच्या घराण्यात स्वतःचं माप देऊन नोकरी घेतली ती एकट्या मावशीने. शाळेत शिक्षिका, तीही सकाळच्या अधिवेशनात. सातला शाळा, साडेबाराला घरी. दुपारच्या अधिवेशनात जागा होती, पण तिने वर्षभर थांबून सकाळची मिळवली. तिची अट एकच : "दुपारी मला आडवं व्हायला मिळालं पाहिजे." पुढे मुख्याध्यापकपद दोनदा दारात आलं. दोन्ही वेळा तिने नको म्हणून कळवलं आणि दोन्ही वेळा घरच्यांनी "हिला महत्त्वाकांक्षा म्हणून नाहीच" असा निकाल दिला. तो ऐकायला ती जागी नव्हती. छातीवर कादंबरी उपडी, पंखा दोनवर. चारला उठून चहा, मग वाड्यातली सहा-सात पोरं गणिताला, फुकट. त्यातलाच एक मी. बँकेत चिकटलो तो त्या गणितावर, हे मी तिला कधी सांगितलं नाही. मावशीच्या निरोपसमारंभात करिअर हा शब्द कुणी उच्चारला नाही. करिअर काकांचं होतं : चार बदल्या आणि एक बायपास.

बहिणीला मावशीचं उदाहरण पटलं नाही. तिने थेट डॉ. श्रीराम लागूंना मधे आणलं. "आवडी नंतर बघता येतात. लागू आधी डॉक्टर झालेच ना?"

झाले की. नाक-कान-घसा. 1969 साली, चाळिशी उलटल्यावर, 'इथे ओशाळला मृत्यू'पासून ते पूर्ण वेळ रंगभूमीवर आले. ते नाटक लिहिणारे वसंत कानेटकर नाशिकला इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांच्याच 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी, काशिनाथ घाणेकर, दातांचे डॉक्टर. 'घाशीराम कोतवाल'चे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, त्यातले नाना फडणवीस म्हणजे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. प्रेक्षागृहात कुणाला चक्कर आली तर ओरडायची गरज नव्हती, पडदा उघडला की झालं. लोक लागूंच्या धाडसाबद्दल बोलतात. मला मात्र त्याआधीचा काळ जास्त ओढ लावतो. दिवसा लोकांचे घसे बघायचे आणि उरलेल्या वेळात पुण्यात पीडीए या नाट्यसंस्थेच्या नाटकांत आपला घसा चालवायचा. जब्बार पटेल तर दौंडला दवाखाना चालवत आणि नाटकासाठी पुणं गाठत. हे कुठल्या वर्तुळात रंगवणार?

"म्हणजे सायन्सच घेऊ दे," बहीण म्हणाली. तिने मला हवं ते बोलू दिलं आणि तिला हवं तेच ऐकलं.

वाद टळावा म्हणून मी भाच्याला कॉलेजच्या पँटी शिवायला घेऊन निघालो. आमचे टेलरकाका मला शाळेपासून ओळखतात. लहानपणी माझे सगळे कपडे त्यांनी 'वाढत्या अंगाचे' शिवले. पाचवीतली चड्डी सातवीत अंगाला बसायची आणि बसली की लगेच फाटायची. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात. माझ्या लग्नातल्या पँटीची माया साठीपर्यंत पुरली. मागच्या दिवाळीला काकांनी कंबर उसवून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, संपली."

त्यांनी भाच्याची कंबर मोजली, उंची मोजली, पेन्सिल कानावरून काढली.

"माया किती ठेवू?"

"माया काय?" भाच्याने मोबाइलमधून मान वर काढली नाही. "एकदम फिटिंग पाहिजे, काका. आत्ताच्या मापाची."

टेलरकाकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी दुकानाबाहेरच्या रिक्षाकडे बघितलं. त्यांनी टेप गळ्यात अडकवली आणि वहीत मापापुढे बारीक अक्षरात लिहून टाकलं : दीड इंच.