वादी स्वतः हजर

वकील न लावता स्वतःचा दावा स्वतः चालवणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या डोक्यात 1908 सालचा टिळकांचा खटला चालू असतो. माझा दावा तसा किरकोळ. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या भिंतींमधला बोळ सामाईक आहे, एवढंच मला सिद्ध करायचंय. पण रोजनाम्यावर 'वादी स्वतः हजर' असा शेरा पडला की माझी मान आपोआप ताठ होते आणि डोक्यावर पगडी असल्याचा भास होतो.

टिळकांवर मी बोलू लागलो की घरातले उठून जातात, तुम्ही बसा. मुंबई हायकोर्टात त्यांनी आपला बचाव आपणच केला, 21 तासांहून जास्त बोलले. समोर न्यायमूर्ती दावर. हेच दावर 1897 साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते! घरझडतीत पोलिसांना एक कार्ड सापडलं होतं, त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं. त्याचाही खुलासा टिळकांनीच केला: स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहायचं होतं, त्यासाठी ती नावं टिपून ठेवली होती. मला त्या कार्डाचा फार हेवा वाटतो. सरकारला टिळकांच्या घरातला चिटोरा मिळाला. मला सरकारी कपाटातला अख्खा नकाशा मिळेना. (त्या खटल्यात शेवटी 6 वर्षांची शिक्षा झाली, हेही लोकांना सांगत जा, असं बायकोचं म्हणणं. सांगितलं.)

तर नकाशा. आमचं घर बांधताना नगरपालिकेनं मंजूर केलेल्या नकाशात बोळ दाखवलेला आहे. मी नक्कल मागितली. उत्तर आलं: 'सदर नस्ती शोध घेतला असता आढळून येत नाही.' मग माहिती अधिकार. 10 रुपयांचं तिकीट आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे मजकूर 150 शब्दांच्या आत. माझी प्रस्तावनाच तेवढी होते, तरी आवरलं. 30 दिवस सरता सरता तेच वाक्य पुन्हा आलं, फक्त जावक क्रमांक बदलून.

आता कोर्टामार्फत कागद मागवणं आलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 16 मध्ये त्याची सोय आहे: ज्याच्या ताब्यात कागद आहे त्याला समन्स काढून तो हजर करायला लावता येतो. मी अकरा पानी अर्ज लिहिला. त्यात बोळाचा इतिहास होता, शेजाऱ्यांचा स्वभाव होता आणि एका ठिकाणी मॅग्ना कार्टाही होता. न्यायाधीशांनी पानं उलटली आणि शांतपणे विचारलं, "यात मागणी कुठल्या पानावर आहे?"

मग त्यांनीच सांगितलं. कोणता कागद, कुठल्या वर्षाचा, कोणाच्या ताब्यात, आणि दाव्यातल्या कुठल्या मुद्द्यासाठी हवा, एवढं लिहा. आणि नक्कल मागूनही मिळत नाही हे दाखवा. ते दाखवायला नगरपालिकेची दोन्ही पत्रं होती. माझ्या अकरा पानांपेक्षा त्यांची ती एकेक ओळच कामी आली. प्रतिवादीच्या वकिलांनी म्हणणं दिलं, 'वादीचा हेतू केवळ वेळकाढूपणाचा आहे.' अर्ज मंजूर. भत्त्याचे पैसे कोर्टात भरले, आणि बेलीफाची वाट बघायला नको म्हणून समन्स हमदस्त मागून घेतलं.

हमदस्त म्हणजे आपणच बजावायचं. नगरपालिकेच्या आवक खिडकीवर माझे आधीचे अर्ज ज्या कारकुनानं मान वर न करता घेतले होते, तोच होता. त्यानं सवयीनं कागद ओढला, शिक्का उचलला आणि थबकला. कागदावर कोर्टाची गोल मोहोर होती. तिच्यावरून त्यानं अंगठा फिरवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "साहेब, बसा ना." मी बसलो नाही. टिळक बसले नसते.

अभिलेखपालाच्या उलटतपासणीसाठी मी चाळीस प्रश्न काढले होते. आरशासमोर तालीमही झाली होती; 'आढळून येत नाही म्हणजे नक्की कुठे शोधलंत?' या प्रश्नावर हात कुठवर उचलायचा तेही ठरलं होतं. तारखेला एक पोरसवदा लिपिक आला. लाल फडक्याची गाठ सोडली, नस्ती काढली, टेबलावर ठेवली. मी घसा खाकरला. न्यायाधीश म्हणाले, "ते कागद घेऊन आलेत, साक्षीदार नाहीत." 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 139: नुसता कागद हजर करणाऱ्याची उलटतपासणी घेता येत नाही. 1 जुलै 2024 पासून आलेल्या नव्या कायद्यातही ही तरतूद टिकून आहे. एका कलमानं माझे चाळीस प्रश्न जागीच मेले. लिपिक सही करून एसटी गाठायला गेलासुद्धा.

पण नस्ती होती. फाटलेली नाही, कसर लागलेली नाही. माझ्या अर्जांना न सापडणारी वस्तू मोहोर बघून सापडली, याचा राग मला अजून येतो.

त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "काका, तुम्ही वकील ना?" 'नाही' म्हणायला मी किंचित उशीर केला. त्यांची पोटगीची केस होती. नवऱ्यानं प्रतिज्ञापत्रात पगार मजुराइतका दाखवला होता. नोव्हेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं दोन्ही बाजूंनी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरवून दिलं. खरं लिहायचं की नाही, हे अजून ज्याचं तोच ठरवतो. "पगाराचा कागद कंपनीत आहे. मला गेटवरूनच हाकलतात." कोर्टामार्फत मागवता येतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. स्त्रियांना 1987 च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो, असं मी ऐटीत सांगितलं. "मिळालाय की. ते आज दुसऱ्या कोर्टात आहेत." रोज बुडवून आलेल्या बाई, मांडीवर झोपलेलं पोर, आणि कागद त्याच्याकडे ज्याला तो द्यायचा नाही. मी माझ्या चाळीस प्रश्नांच्या पाठकोऱ्या बाजूवर वकिलांना दाखवायला मसुदा लिहून दिला: कोणता कागद, कुठल्या महिन्यांचा, कोणाकडे, कशासाठी. चार ओळी. एवढं आखूड मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.

आमच्या दाव्यात आता प्रतिवादीच्या वकिलांनी अर्ज दिलाय: वादीनं वडिलांचं मूळ खरेदीखत हजर करावं. रास्त मागणी आहे. खरेदीखत घरातच आहे. कपाट झालं, माळा झाला, गाद्यांखाली बघून झालं. बायकोनं पिठाचे डबेसुद्धा रिकामे केले आणि ते पुन्हा भरायला मला लावले. सोमवारी म्हणणं द्यायचंय. पहिली ओळ झकास जमली आहे: 'सदर दस्त शोध घेतला असता आढळून येत नाही.'