बॉनचं बोलावणं

नानांना सल्ला विचारावा लागत नाही. सोसायटीतल्या आंब्याची कोणती फांदी छाटावी, जिन्यातल्या कबुतरांचं काय करावं, दूधवाल्याने मुलीला कोणत्या शाखेला घालावं, हे सगळं त्यांचं ठरलेलं असतं. प्रश्न यायचाच काय तो बाकी असतो. असा माणूस बँकेतून निवृत्त होऊन चोवीस तास घरी बसणार म्हटल्यावर काकूंनी धसका घेतला होता. एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना भिगवणला नेलं, उजनीच्या फुगवट्यावर होडीत बसवलं आणि काकू सुटल्या. हिवाळ्यात सैबेरिया-मंगोलियाकडून हजारो पक्षी इथे उतरतात हे नानांना तेव्हा कळलं. सल्ल्यावाचून राहिलेला केवढा मोठा समाज आजवर आपल्या नजरेतून सुटला होता!

पक्षी दिसला की लोक त्याचं नाव विचारतात. नाना धोरण विचारतात. चक्रवाकांची जोडी पाण्यावर आली, सगळे कॅमेरे तिकडे वळले, आणि नाना उभं राहून होडीवाल्याला म्हणाले, "यांच्या परतीच्या वाटेवरच्या पाणथळी कोण सांभाळतं?"

"काका, आधी खाली बसा. होडी कलतीय."

पुढे त्यांच्या हाती बॉनचा करार लागला. स्थलांतर करणाऱ्या वन्यजीवांसाठीचा हा आंतरराष्ट्रीय करार १९७९चा. भारत त्यात १९८३पासून आहे. या कराराला शास्त्रीय सल्ला द्यायला एक परिषद आहे. तिचं काम पुढे नेणाऱ्या समितीत १५ जण जगाच्या निरनिराळ्या भागांतून घेतात आणि ९ जण केवळ विषयातले जाणकार म्हणून: कोणी पक्ष्यांचा, कोणी माशांचा, कोणी हवामानबदलाचा, कोणी मासेमारीच्या जाळ्यात चुकून सापडणाऱ्या प्राण्यांचा. त्यांनी आपापल्या सरकारची री ओढायची नसते, अभ्यासाला धरून बोलायचं असतं. हे वाचून नाना बराच वेळ गप्प होते, असं काकू सांगतात. आपण जन्मभर जे फुकट करत आलो त्याला जगात चक्क एक पद आहे! तेही पगाराचं नाही, हे समजल्यावर तर ते आपल्यासाठीच काढलंय याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

तेव्हापासून ते बोलावण्याची वाट पाहताहेत. फेब्रुवारी २०२०मध्ये या करारातल्या देशांची तेरावी परिषद थेट गांधीनगरला भरली. रात्रीच्या गाडीच्या अंतरावर! तरी नाही आलं. परिषदेचा शुभंकर होता माळढोक, नाव 'गिबी'. "आधी नान्नजच्या माळावर एक खरा दाखवा म्हणावं," नाना कडाडले. आता हे बोलणं मात्र खोटं नव्हतं. सोलापूरजवळच्या त्या अभयारण्यात हल्ली माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. अंगाने जड पक्षी, डोळे बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही. विजेची तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. त्याच परिषदेने माळढोकाला सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत घातलं. "हे मी कधीचं सांगतोय," नाना म्हणाले. कोणाला, असं मी विचारलं. काकूंनी स्वयंपाकघरातून हात वर केला.

आफ्रिका आणि युरेशियातल्या पाणपक्ष्यांचा आणखी एक वेगळा करार आहे. त्याच्या तांत्रिक समितीवर शिकारव्यवस्थापनाचा तज्ज्ञ असतो, ग्रामीण अर्थशास्त्राचा असतो, कायद्याचा असतो, शिवाय शिकाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेलाही खुर्ची असते. नानांचा चहा तसाच राहिला. "बंदूकवाल्यांना खुर्ची, आणि आम्ही इथे! ग्रामीण अर्थशास्त्र म्हणे. अहो, इंदापुरात पीककर्जाच्या नोटा कोणी मोजल्या?" भारत मुळात त्या करारात नाही, हे मी हळूच सुचवलं. "म्हणूनच तिथे बाहेरच्या माणसाची गरज आहे."

मध्यंतरी कुठल्याशा तज्ज्ञगटासाठी अर्ज मागवले होते. नानांनी अर्ज भरला, तो सोहळा सबंध मजल्याने अनुभवला. भाषांच्या रकान्यात इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश होत्या. फ्रेंचपुढे त्यांनी 'नकाशावरील नावे वाचता येतात' असं प्रामाणिकपणे लिहिलं. अनुभवाच्या रकान्याला पुरवण्या जोडल्या. शिफारसपत्र माझं. चिमणी-कावळ्यापलीकडे माझी धाव नाही, तरी 'नानांच्या मार्गदर्शनाअभावी मध्य आशियाई उड्डाणमार्गाचे अपरिमित नुकसान होत आहे' या वाक्याखाली माझी सही आहे. मजकूर अर्थात त्यांनीच सांगितला.

या सगळ्यात एक गोष्ट नाना अर्जात लिहीत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती कारकुनी आहे. नानांसारखी बदकं मोजणारा माणूस आमच्या बाजूला दुसरा नाही. थवा उठायच्या आत शंभर पक्ष्यांचा एक तुकडा नजरेने बांधायचा आणि असे किती तुकडे बसतात ते पाहायचं, ही मोजणाऱ्यांची नेहमीची रीत. जन्मभर कॅश काउंटरवर गड्ड्या हाताळलेल्या माणसाला ती शिकवावी लागली नाही. थापट्या, तलवार बदक, शेकाट्या, सगळ्यांचे रकाने वेगळे, खाडाखोड नाही, बेरीज खालून वर पुन्हा ताडलेली. आशियातल्या पाणपक्ष्यांची गणना १९८७पासून दर जानेवारीत होते, ती अशाच हौशी लोकांच्या जिवावर. एखाद्या प्रजातीच्या एकूण पक्ष्यांपैकी १ टक्का नियमितपणे एका तळ्यावर येत असतील, तर पाणथळींसाठीच्या रामसर करारानुसार ते तळं आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं ठरू शकतं. तो टक्का काढायला आधी कोणीतरी थंडीत बसून पक्षी मोजलेले असावे लागतात. बॉनच्या टेबलावर जे कागद फिरतात, त्यांच्या तळाशी हे आकडे असतात. हे नानांना सांगून पाहिलं. "मोजणारे मिळतात हो," ते म्हणाले, "दृष्टी असलेली माणसं मिळत नाहीत."

फेब्रुवारी २०२४मध्ये बॉन कराराच्या समरकंदच्या परिषदेत मध्य आशियाई उड्डाणमार्गासाठी नवा उपक्रम मंजूर झाला. ३० देशांचा मामला, आणि समन्वयाचं काम भारताकडे. नानांनी नवा कोट शिवायला टाकला.

कोट आला, बोलावणं नाही. आला तो गणनेच्या समन्वयक मुलीचा निरोप: "नानाकाका, तुमच्या पट्ट्यातल्या थापट्यांचा आकडा राहिलाय. तेवढा कळवा ना." नानांनी त्याच रात्री उत्तर धाडलं. पहिल्या पानावर सदस्यराष्ट्रांनी काय करावं ते होतं. दुसऱ्यावर विजेच्या तारा जमिनीखालून नेण्याचा प्रस्ताव, सोबत हाताने काढलेली आकृती. तिसऱ्यावर समितीच्या फेररचनेबाबत सूचना आणि आपण कोणत्या तारखांना मोकळे आहोत याची नोंद. मग सही. सहीच्या खाली, उरलेल्या जागेत: 'ता. क. थापट्या ४१२. दोनदा मोजले आहेत.'