बारा ते अठरा

मिक्सर घ्यायला आठ महिने लावणारा माणूस तुमच्याही नात्यात असेलच. आमच्यात ते दाजी. फरक एवढाच, की ते ह्यूस्टनला राहतात आणि त्यांचा मिक्सर म्हणजे पिस्तूल. पलीकडच्या गल्लीत चोरी झाली त्या आठवड्यात पिस्तूल एका दुपारी घेऊन झालं. त्यात गोळी कोणती घालायची, हे तीन वर्षं ठरतंय.

विमानतळावर माझी बॅग उचलताना त्यांनी प्रवासाचं काही विचारलं नाही. "नऊ एमएम की पॉइंट फोर्टी?"

"दाजी, मी आधी चहा घेईन."

चहाबरोबर मायामी आलं. ११ एप्रिल १९८६. एफबीआयचे आठ एजंट, समोर दोन दरोडेखोर. एकाच्या दंडातून गोळी छातीत शिरली, हृदयाच्या जेमतेम अलीकडे थांबली, आणि तो तसाच लढत राहिला. दोन एजंट गेले. पानिपतात भाऊसाहेब हत्तीवरून उतरले ते जणू यांच्यादेखत, असा दाजींचा सूर. तेव्हापासून एफबीआयचा दंडक: गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान बारा इंच शिरली पाहिजे, अठराच्या पुढे जाता कामा नये.

बारा ते अठरा! मिरचीचं रोप किती खोल लावायचं? बारा ते अठरा. ताईच्या फ्रीजमागे किती जागा सोडायची? तेच. माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "तुझ्या बाबतीत अठराच लागतील."

टोक पोकळ असलेली गोळी अंगात शिरल्यावर फुलते, त्यामुळे आरपार जाऊन मागच्याला लागण्याचा धोका कमी. म्हणून घरासाठी तीच. तिचं खानदान आपल्या कोलकात्याजवळच्या डमडमचं. १८९९ मध्ये हेगला राष्ट्रांनी असल्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं ठरवलं. युद्धात नको, दिवाणखान्यात चालेल!

दाजींना हे स्वतः तपासायचं होतं. पण जिलेटिन हाडाकातड्याचं, आणि घरात देव. मग चायना ग्रासचा ठोकळा लावला, ताईच्या सगळ्यात मोठ्या डब्यात. वर जुन्या जीन्सचे चार थर, कारण चोर कपडे घालून येणार. रेंजवरच्या माणसाने ठोकळा निरखला आणि विचारलं, "हे खायचं असतं का?" आत काही नेऊ दिलं नाही. ताईने तो वितळवून दूध, साखर, वेलदोडा घालून पुन्हा लावला. माझ्या वाटीत एक निळा धागा निघाला.

सरावाच्या गोळ्या पन्नासच्या डब्यात मिळतात, संरक्षणाच्या वीसच्या, आणि तरीही महाग. अडकत नाहीत ना, हे बघायला दोनशे तरी झाडाव्या लागतात. दाजींच्या कपाटात सात कंपन्यांचे सात डबे आहेत, सातही भरलेले. मी हसलो तर म्हणाले, "एफबीआय मोठ्या गोळीकडे गेली आणि पुन्हा नऊ एमएमवर आली. त्यांना तीस वर्षं लागली. माझी तीनच झालीत."

शेवटच्या रात्री तीनच्या सुमाराला मागे धाडकन आवाज झाला. मी बाहेर आलो. पॅसेजमध्ये बनियनवर दाजी, हातात टॉर्च. खिडकीतून पाहिलं तर कचऱ्याचा डबा आडवा आणि त्यात एक रॅकून.

"पिस्तूल कुठंय?"

"तिजोरीत. रिकामं."

त्यांनी बोटाने भिंत वाजवली. पोकळ. "जिप्समचे पत्रे आहेत रे. गोळीच्या टोकात याची भुकटी बसली की ती फुलत नाही, सरळ पलीकडे जाते."

पलीकडे माझी भाची झोपली होती.

"इथून तिच्या उशीपर्यंत अकरा फूट," दाजी म्हणाले. "मोजलंय."

तीन वर्षं त्यांची टर उडवत होतो. त्या क्षणी काही सुचेना. त्यांनी टॉर्च विझवला, चहा टाकला, आम्ही ओट्याशी उभ्यानेच प्यायलो.

सकाळी पोहे खाताना पुन्हा सुरू. "एकशे चोवीस ग्रेन म्हणजे आठ ग्रॅम, आपली गिन्नी बघ. का एकशे सत्तेचाळीसची घेऊ? ती जड, पण सावकाश."

"सावकाशच ठरवा, दाजी," मी म्हणालो.